पिस्टन नेमका टॉपला कधी येतो?

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. गाडीतून मलकापूरला उतरायचं आणि राजूर घाट चढून वर यायचं. साहेब लोकांचा हा प्रवास वर्षानुवर्षं सरकारी अँबेसेडरमधून झाला. टॅपेटकडे दुर्लक्ष झालेलं इंजिन दम टाकायचं ते याच चढावर.

उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती. तिचं जुनं पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घराण्यातलं, १४८९ सीसीचं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात फट ठेवायची ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. मिस्त्री याला ‘पंधरा थाऊ’ म्हणतो, आणि ही फट लावण्याला टॅपेट सेट करणं. तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, त्याची ही सोय. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवाटेच निघून जाते. टेकणंच बंद झालं की त्याची कड जळायला लागते. म्हणून टकटक करणाऱ्या टॅपेटपेक्षा मुकाट बसलेल्या टॅपेटची धास्ती जास्त.

फट मोजायची तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवा, आणि त्यासाठी पिस्टन टॉपला आणायचा. मात्र क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा इंजिनाचं एक चक्र पुरं होतं, त्यामुळे पिस्टन दोनदा टॉपला येतो. एकदा कॉम्प्रेशन संपताना. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्यांदा धूर बाहेर टाकून झाल्यावर. तेव्हा एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो. या दुसऱ्या टॉपवर गेज घातला तर सगळं मोजमाप फुकट.

ओळखायचं कसं? गाडी न्यूट्रलला टाकून, प्लग काढून, पुढून हँडलने इंजिन फिरवा. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. किंवा चार नंबरचे रॉकर बघा. एक वर येतोय आणि दुसरा खाली चाललाय, असं दिसलं की एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला. जुन्या मिस्त्रींचा हिशेब याहून सोपा आहे: नऊची बेरीज. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, तिसऱ्याच्या वेळी सहावा. एक व्हॉल्व्ह कॅमच्या टोकावर असतो तेव्हा त्याचा जोडीदार कॅमच्या गोल पाठीवर येतो. ही पाठ ऐसपैस असल्याने क्रँक दहा-वीस अंश मागेपुढे असला तरी फटीत फरक पडत नाही. टॅपेटसाठी अचूक टॉप शोधत घाम गाळणं, माझ्या मते, व्यर्थ आहे.

इग्निशनच्या टायमिंगला मात्र एकेक अंश मोजावा लागतो, आणि तिथेच फसगत होते. प्लगच्या भोकात काडी घालायची, ती वर चढायची थांबली की टॉप, ही गॅरेजातली रीत. या इंजिनाचा स्ट्रोक ८९ मिमी आहे. मधल्या टप्प्यात क्रँकच्या एका अंशाला पिस्टन पाऊण मिमीहून जास्त सरकतो. टॉपच्या अलीकडे ५ आणि पलीकडे ५ अंशांच्या पट्ट्यात मात्र तो जेमतेम ०.२ मिमी हलतो. काडी थांबलेली वाटते, क्रँक फिरतच असतो.

हीच अडचण सूर्याची. मध्यान्हाच्या सुमारास सावलीची लांबी जवळपास थबकते, तिच्यावरून नेमका क्षण सांगता येत नाही. सूर्यसिद्धांतातली तोड अशी की शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक त्याला सकाळी आणि दुपारी जिथे शिवेल तिथे खुणा करायच्या आणि मध्य काढायचा. इंजिनावरही तेच करा. प्लगच्या भोकात पिस्टनला अडवील असा बोल्ट बसवा. हाताने हलकेच फिरवून पिस्टन टेकला की पुलीवर खूण करा. मग उलट दिशेने फिरवा, पुन्हा टेकला की दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. पुली कधीकाळी बदललेली असेल तर तिच्यावरच्या कारखान्याच्या खाचेपेक्षा या मध्यावर भरवसा ठेवा.

खुणा झाल्या की तो बोल्ट लगेच काढा. तो आत असताना कुणी स्टार्टर मारला तर पिस्टनला भोक पडू शकतं.