पिवळ्या डोळ्यांपासून केमोच्या डोसपर्यंत

डोळ्यांत किंचित पिवळेपणा, बाकी तब्येत ठणठणीत. उपास घडला की तो पिवळेपणा वाढतो, दोन दिवस नीट जेवलं की ओसरतो. अशा माणसांचं वर्णन १९०१ साली पॅरिसच्या ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी केलं. आपल्याकडे असे कितीजण कावीळ उतरवून घ्यायला गेले असतील!

१९५२ मध्ये क्रिगलर आणि नज्जर या अमेरिकन डॉक्टरांनी याच दोषाचं भीषण रूप मांडलं. नात्यातल्या तीन कुटुंबांतली सहा बाळं, रक्तात बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य इतकं साचलेलं की ते मेंदूत उतरलं. त्यांतली बहुतेक तान्हेपणीच गेली.

बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, तेव्हा कुठे ते पित्तावाटे बाहेर पडतं. इस्ट्रोजेन आणि कित्येक औषधांचा निचराही हेच एन्झाइम करतं. नवजात बाळात ते जेमतेम जागं झालेलं असतं, म्हणून कावीळ दिसते. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड कमी दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी एक बाळ डॉक्टरांना उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं, फक्त चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळाजर्द. आजची फोटोथेरपी, म्हणजे प्रकाशाने कावीळ उतरवणं, एका परिचारिकेच्या या नजरेतून आली, आणि तिचं नाव प्रत्येक बालरोग विभागात माहीत असायला हवं.

या एन्झाइमचं जनुक हाती आलं ते १९९०च्या दशकात. आयडा ओवेन्स यांच्या प्रयोगशाळेने हे जनुक, यूजीटी१ए१, आणि त्याच्या शेजारची जनुकं कशी रचलेली आहेत ते उलगडलं. १९९५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पिटर बोस्मा यांनी दाखवलं की जनुकाच्या सुरुवातीला ‘टीए’ ही अक्षरजोडी सहाऐवजी सात वेळा आली की एन्झाइम कमी तयार होतं. गिल्बर्टच्या रुग्णांत दोन्ही प्रती अशाच होत्या.

पाठोपाठ आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन हे केमोचं औषध आलं. त्याचं शरीरात बनणारं जहाल रूप बाहेर काढायचं काम याच एन्झाइमकडे. ते कमी पडलं की पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरतात, जुलाब आवरत नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकातच हा इशारा आला. तरीही या जनुकाची तपासणी अजून सगळीकडे नेमाने होत नाही, आणि हे मला पटत नाही. एका रक्तचाचणीने पहिला डोस बेताचा ठेवता येतो. जुन्या रिपोर्टांत बिलिरुबिन नेहमी थोडं वाढलेलं दिसत असेल, तर केमो सुरू होण्याआधी ते कागद डॉक्टरांपुढे ठेवावेत.