तराजूबाहेरचे यंत्र

1955 साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून ज्याची योजना आखली गेली आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी ज्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, त्या भिलाईच्या पोलाद-कारखान्यात जुने लोखंड वाया जात नाही; ते कन्व्हर्टरच्या पोटात पडते, उकळत्या रसाचा ताप आवरते आणि नव्या पोलादाचा अंश होऊन बाहेर येते. अशा गावात मोडीचे मोल तराजूने ठरावे, हे स्वाभाविक आहे आणि लोखंडापुरते न्याय्यही आहे. परंतु कारखान्यांच्या, बँकांच्या, इस्पितळांच्या आणि लहानमोठ्या कचेऱ्यांच्या दप्तरातून कमी झालेली दूरध्वनी-यंत्रणाही त्याच काट्यावर चढवण्याची जी वहिवाट पडली आहे, ती मला सर्वस्वी अनुचित वाटते; कारण या यंत्राची किंमत त्याच्या धातूत नसून त्याच्या अंगोपांगांच्या परस्पर मेळात आहे, आणि तो मेळ ओळखणारे, जुळवणारे व पुन्हा विकणारे जे थोडे कारागीर अद्याप आपल्याकडे आहेत, त्यांच्या विद्येचा परिचय करून देणे अगत्याचे आहे.

कचेरीतील ज्या पेटीला आपण सर्रास ईपीएबीएक्स किंवा नुसते इंटरकॉम म्हणतो, ती वस्तुतः एका खाजगी आवाराचे स्वतंत्र एक्स्चेंज होय. बाहेरच्या मोजक्या ट्रंक लाइनी आणि आतली अनेक एक्स्टेन्शने यांची गाठ घालून देणे, हे तिचे काम. हे काम पूर्वी माणसे करीत. कॅन्सस शहरातील आल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाने, ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयावरून, आपोआप जोडणी करणारे यंत्र योजले आणि 1891 साली त्याचे एकस्व मिळवले, ही कथा सर्वश्रुत आहे. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज 1913-14 च्या सुमारास सिमल्यास आले. पुढे 1948 साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजची स्थापना झाली, आणि 1984 मध्ये सी-डॉट ही दूरसंचार-संशोधन संस्था निघाल्यावर तिच्या आराखड्यांवरून लहान इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजे देशातच बनू लागली. आज जुन्या बाजारात जे यंत्र हाती लागते ते बहुधा या 1984 नंतरच्या पिढीचे असते.

त्याचा प्रवास निर्लेखनापासून सुरू होतो. कचेरी आयपी फोनवर गेली किंवा सर्वांच्या खिशात मोबाइल आला, की भिंतीवरच्या त्या पेटीची जंगम मालमत्तेच्या नोंदवहीतून वजावट होते. सार्वजनिक उपक्रमांचा निरुपयोगी माल बहुधा ई-लिलावाने जातो; 1964 साली स्थापन झालेली एमएसटीसी ही अशा लिलावांतील ठळक संस्था. अनामत भरावी, ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर बोली लावावी आणि मुदतीत माल उचलावा, असा हा व्यवहार असतो. यंत्रणेचा सर्वांत मोठा घात होतो तो माल उचलताना. मोडवाला भिंतीवरून पेटी ओढतो, केबल कटरने छाटतो, आतली सर्किट-कार्डे पोत्यात कोंबतो आणि तारा जोडण्याच्या क्रोन-पट्ट्या तांब्यासाठी वेगळ्या काढतो. जाणता खरेदीदार मात्र आधी एमडीएफच्या, म्हणजे साऱ्या तारांच्या जोड्या जेथे एकत्र येतात त्या पाटीसमोर उभा राहतो; कोणती जोडी कोणत्या खोलीत जाते हे कागदावर उतरवून घेतो; निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा या रंगक्रमाने तारा सोडवतो; आणि प्रत्येक कार्ड कोणत्या खाचेत होते ते त्याच्या कडेवर लिहून ठेवतो. एवढ्या श्रमांनी त्या पेटीचे मोल लोखंड-तांब्याच्या भावाहून किती वर जाते, हे विकणाऱ्या कचेरीस क्वचितच कळते.

दुरुस्तीच्या बाकावर या विद्येचा खरा कस लागतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठ्याचे कार्ड वेगळे तपासतात, कारण फिल्टरचे कपॅसिटर फुगलेले असले तर एका चुकीच्या क्षणी बाकीची सारी कार्डे बळी पडू शकतात. मग मुख्य कार्ड. घड्याळ आणि स्मृती जागी ठेवण्यासाठी त्यावर लावलेली निकेल-कॅडमियमची बोटाएवढी बॅटरी वर्षानुवर्षे गळत असते, आणि तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषांना हिरवट करून हळूहळू खात जाते. कारागीर प्रथम बॅटरी उचकटतो, सौम्य व्हिनेगरचा बोळा फिरवून अल्कली शमवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा घासतो, आणि मग भिंगाखाली प्रत्येक रेषेवर मल्टिमीटरची टोके टेकवून कोठे सलगता तुटली ते ऐकतो; तुटलेल्या रेषेच्या जागी केसाएवढी एनॅमल चढवलेली तार, दोन्ही टोके खरवडून, टाक्याने बसवतो. हे काम घाईचे नाही आणि ते करणारा हात थरथरता चालत नाही. पावसाळ्यात छत्तीसगडच्या मैदानावर विजा कोसळतात तेव्हा बाहेरच्या लाइनीवरून शिरलेला झटका ट्रंक कार्डातील संरक्षक गॅस-ट्यूब फोडून आत जातो, म्हणून जुलै-ऑगस्टनंतर बाकावर ट्रंक कार्डांची रास पडते. अर्थिंग नीट नसलेल्या कचेरीत तेच कार्ड पुढल्या पावसाळ्यातही जळणार, हे सांगण्याचे कर्तव्यही तोच कारागीर पार पाडतो.

“लाइन डेड है,” अशी हाक भिलाईत हिंदीतच ऐकू येते, आणि तिच्या उत्तराचा क्रम साधा आहे. टेलिफोन उचलून थेट एक्स्चेंजपाशी आणायचा आणि एमडीएफवर त्याच जोडीला जोडायचा. तेथे टोन आला, तर दोष केबलमध्ये. तेथेही टोन नसला, तर तीच जोडी कार्डाच्या दुसऱ्या पोर्टवर न्यायची; मग टोन आला, तर दोष पोर्टचा. फोन ठेवलेला असताना लाइनीवर मोठ्या यंत्रांत अठ्ठेचाळीस, लहानांत बहुधा चोवीस व्होल्ट उभे असतात, आणि उचलताच ते उतरून प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह पाहूनच यंत्र ओळखते की कोणी बोलू इच्छितो. या एका कल्पनेवर अशा एक्स्चेंजांचे शास्त्र उभे आहे, आणि ज्याला ती मनापासून समजली, त्याला त्यांचे कोणतेही मॉडेल परके वाटत नाही.

अशा दुरुस्त यंत्राचे गिऱ्हाईक कोण, असा प्रश्न येतो. सुपेला-दुर्ग पट्ट्यातील लॉज, नर्सिंग होम, शाळा, सहनिवास आणि औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने. आतल्या आत बोलण्यास येथे पैसा लागत नाही. वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटरीवर टोन चालू राहतो. चार्जर लागत नाही, सिम लागत नाही. वृद्ध रोग्याच्या उशाशी ठेवलेल्या जाडजूड बटनांच्या टेलिफोनची बरोबरी मोबाइल करू शकत नाही. बाहेरची लँडलाइन दुर्मीळ झाली असली, तरी आत सिम घालून ट्रंक कार्डाला टोन पुरवणारी पेटी जोडली की जुने यंत्र आजच्या जाळ्याशी बोलू लागते. मात्र विकणाऱ्याने दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: कोणत्या सुविधा सॉफ्टवेअर-किल्लीने बंद आहेत, आणि बदली कार्ड मिळेल का. कार्ड न मिळाल्यास नागपूर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे चौकशी करावी लागते, आणि शेवटी त्याच मॉडेलचे दुसरे मृत यंत्र मोडूनच पहिले जिवंत राखावे लागते.

कायद्यानेही या व्यवसायास आता स्थान दिले आहे. 1 एप्रिल 2023 पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यास ‘रिफर्बिशर’ म्हणून नोंदणी करावी लागते. ही तजवीज मला योग्य वाटते. परंतु ती पोहोचते तोवर यंत्र पोत्यात गेलेले असते. निर्लेखनाच्या फर्दीत कार्डांची संख्या व खाचक्रम, मॉडेल, सॉफ्टवेअर-किल्ली, प्रोग्रामिंगचा संकेतांक आणि एमडीएफचा नकाशा एवढा तपशील सक्तीचा केला, आणि यंत्र तोडून नव्हे तर सोडवून ताब्यात द्यावे अशी अट लिलावपत्रकात घातली, तर कचेरीसही अधिक मोबदला मिळेल. हा तपशील लिहून देण्यास कचेरीतील जुन्या ऑपरेटरहून लायक कोणी नाही, आणि तो निवृत्त होण्यापूर्वी लिहून घेतला पाहिजे.