लासलगावचा कोबाल्ट

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, ज्या लासलगावच्या लिलावाकडे कांद्याचा अवघा व्यापार कान लावून बसलेला असतो, त्याच गावी भाभा अणुसंशोधन केंद्राने या शतकाच्या आरंभी ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र उभारले. आणि अंतराळवीरांच्या शिध्याचा विषय निघाला की मला प्रथम स्मरण होते ते याच वास्तूचे.

काँक्रीटच्या जाड भिंतींआड तेथे कोबाल्ट-६० चा अंमल चालतो. त्याच्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा मिळताच कांद्याच्या अंकुरातील पेशींची विभाजनशक्ती लोपते व कोंब फुटत नाही. कांदा स्वतः मात्र यत्किंचितही किरणोत्सारी होत नाही. २००७ साली, १८ वर्षांच्या खंडानंतर, भारतीय आंबा अमेरिकेस रवाना झाला तोही येथूनच ४०० ग्रेचा संस्कार घेऊन.

याच किरणांनी अंतराळातील एक बिकट प्रश्न सोडविला आहे. १९७३ साली अमेरिकेच्या ‘स्कायलॅब’ स्थानकावर गोठविलेल्या मांसाची, इतकेच काय, आइस्क्रीमचीही तजवीज होती. परंतु निर्वात पोकळीत उष्णता वाहून नेण्यास वारा नाही, ती केवळ प्रारणरूपाने बाहेर टाकावी लागते, आणि म्हणून शीतयंत्राबरोबर उष्णता-उत्सर्जक पत्रे, वीज व वजन यांचा भार अपरिहार्यपणे वाहावा लागतो. पुढील अवकाशयानांत, स्पेस शटलमध्ये, अन्नासाठी शीतपेटी ठेवलीच नाही. त्याऐवजी मांस पृथ्वीवरच गोठवून, त्या गोठलेल्या स्थितीतच किमान ४४,००० ग्रे मात्रेने निर्जंतुक करतात. गोठल्यामुळे किरणांनी निर्माण झालेले क्रियाशील कण जागीच जखडले जातात व चव बिघडत नाही. त्यानंतर ते बंद पाकीट साध्या तापमानात दीर्घकाळ टिकते. थंडी हवी असते ती एकदाच, आणि तीही यान सुटण्यापूर्वी! मानवी बुद्धीची ही काटकसर मला फार थोर वाटते.

निफाडच्या शेतकऱ्याचे गणित मात्र याहून कठीण आहे. कांद्यावरील मात्रा मांसाच्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्शाहूनही बहुधा कमीच; ती कोंब रोखते, परंतु सड व वजनातील घट रोखीत नाही, कारण कांदा हा श्वसन करणारा सजीव कंद आहे. विकिरणानंतरही त्याला शीतगृह लागते, आणि उन्हाळी कांद्याचा बहुतांश साठा आजही वाऱ्यावर विसंबलेल्या चाळींतच पडून असतो.