रानभाजी घेताय? कृतीही विचारून घ्या

मृगाचे चार पाऊस पडले की नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथी-पालकाच्या शेजारी निराळे वाटे दिसू लागतात. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यातली शेवळं आणि कोळीची भाजी आधी येते. मागोमाग टाकळा, कुरडू, बांबूचे वास्ते, कर्टुली. ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात. शहरात या भाज्यांना गिऱ्हाईक वाढलं, ही चांगलीच गोष्ट. पण भाजी तेवढी शहरात आली आणि तिची कृती डोंगरावरच राहिली. त्या रिकाम्या जागेत बरेच गैरसमज शिरले आहेत.

गैरसमज : रानभाजी म्हणजे नाइलाजाचं खाणं.
वस्तुस्थिती : पावसाळ्यात कणगी तळाला जाते आणि नवी नागली, नवा भात हाती यायला दिवाळी उजाडते. या महिन्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, कातकरी घरांना रानानं हात दिला, हे खरंच. पण ती काही फक्त पोटाची सोय नव्हती. वारली घरांत मोसमातली पहिली कोळीभाजी खाण्याचा विधीच असतो. सपाटीवरच्या घरांतही ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून आपोआप उगवलेल्या भाज्या शोधल्या जातात. नाइलाजाचं खाणं कोणी देवाधर्माला ठेवत नाही.

गैरसमज : रानातलं म्हणजे नैसर्गिक, आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक.
वस्तुस्थिती : शेवळाचंच पाहा. सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीचा पानं येण्याआधी जमिनीतून वर येणारा फुलोरा आपण खातो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच घशाला टोचतात. म्हणून निवडताना आतल्या दांड्यावरचा पिवळट, दाणेदार भाग काढून टाकतात. मग काकडाची आंबट फळं, नाहीतर चिंच किंवा आमसूल घालून भाजी चांगली शिजवतात. शहरातल्या स्वयंपाकघरात काकड वगळून शेवळं नुसती परतली, तर जेवणारे घसा धरून बसतात आणि नाव मात्र भाजीचं खराब होतं.

वास्त्यांमध्ये सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कोंब चिरून उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं, ही पद्धत त्यासाठीच. कडूकंदाच्या चकत्या तर राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात. याच पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांची कळलावी फुलते. तिचा कंद एखाद्या खाण्याजोग्या कंदासारखा वाटतो, पण त्यातलं कोल्चिसिन जीव घेऊ शकतं. कंद आणि अळंबी यांच्या बाबतीत मोबाईलवरचा फोटो ताडून पाहणं म्हणजे जिवाशी खेळ. जाणकाराची ओळख पटल्याशिवाय ती घरात आणू नयेत.

गैरसमज : अमुक भाजी मधुमेहावर, तमुक मुतखड्यावर औषध.
वस्तुस्थिती : असे फलक सर्रास दिसतात. रानातल्या पालेभाज्यांतून तंतू, कॅल्शियम, लोह आणि शरीरात ज्याचं जीवनसत्त्व अ होतं ते कॅरोटीन मिळतं. एवढी शिदोरी पुरेशी आहे. तिच्यावर औषधाचं ओझं लादायचं कारण नाही. कर्टुली खाल्ली म्हणून मधुमेहाची गोळी बंद करणं धोक्याचंच. घोळ आणि माठात ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे ऑक्झलेटचे खडे होणाऱ्यानं या भाज्या मुतखड्यावरचा उपाय म्हणून खाणं उलट अंगाशी येऊ शकतं. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवूही नये आणि तोडूही नये. तिच्यातलं जीवनसत्त्व के या औषधाच्या कामात बदल घडवतं.

गैरसमज : पालेभाजी खाल्ली की रक्त वाढतं.
वस्तुस्थिती : पानांत लोह असतं, पण त्यातलं थोडंच अंगी लागतं. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषलं जातं, म्हणून ताटात लिंबाची फोड हवी. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमकं उलट काम करतो. तो तासाभरानं प्यावा.

गैरसमज : रानातलं सगळं शुद्ध, बाजारातलं सगळं विषारी.
वस्तुस्थिती : नाल्याकाठी किंवा तणनाशक मारलेल्या बांधावर आपोआप उगवलेला माठ शुद्ध कसा असेल? भाजी कुठून खुडली, हे महत्त्वाचं. उलट नाशिकच्या द्राक्षांवरची पांढुरकी लव पाहून लोक ‘पावडर मारलीय’ म्हणतात, ती बहुतेक वेळा सालीचं नैसर्गिक मेण असतं. ते मण्यावर पातळ आणि सारखं पसरलेलं असतं, बोटानं पुसलं जातं आणि माल ताजा असल्याची खूण मानलं जातं. म्हणूनच काढणी आणि पॅकिंग करताना मण्यांना हात न लावता घड देठाला धरून उचलतात. डागांसारखे किंवा मण्याच्या टोकाशी थेंब वाळल्यासारखे पांढरे-निळसर ठिपके मात्र फवारणीचे असू शकतात. दोन्ही बाबतीत वाहत्या पाण्यात नीट धुणं, हाच मार्ग, साबण नको.

गैरसमज : रानात फुकट उगवतं, ते संपायचं नाही.
वस्तुस्थिती : फुलोराच खुडला तर बी कुठून पडणार? मुळासकट उपटलं तर पुढच्या मृगाला फुटणार काय? डोंगरातल्या जाणत्या बायका पानं खुडतात आणि कंद जमिनीत ठेवतात. आपणही मुळांसकटची जुडी मागू नये.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या आहारासाठी रोज सुमारे 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. रानभाज्यांचा मोसम जेमतेम चार महिन्यांचा, म्हणजे वर्षभराची भिस्त मेथी, गवार, भोपळ्यावरच राहणार. रानभाजीनं त्यात विविधता येते. तेव्हा पुढच्या बुधवारी वाटा उचलण्याआधी भाव करण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी एवढं विचारा : “मावशी, कुठून आणली? टाकायचं काय? उकळलेलं पाणी फेकायचं का? आंबट काय घालायचं?” ही उत्तरं भाजीइतकीच मोलाची आहेत आणि ती तुम्हाला फुकट मिळतात.