हाताचा गुण आणि न भरणारी जखम

तासगाव - वर्षानुवर्षे चिघळलेली पायाची जखम एकदाची भरली, की रुग्णाच्या तोंडी एकच वाक्य येते, 'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.' द्राक्षाच्या हंगामात दवाखान्यात पेटी पोचते, एरवी बेदाण्याची पिशवी. ही कृतज्ञता खरी असते. मात्र हा गुण नेमका कशात असतो, हे समजून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

मिरज परिसराला या कृतज्ञतेची जुनी परंपरा आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. तासगावपासून कर्नाटकापर्यंतचे रुग्ण बैलगाडीने तेथे येत. सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. महिना-दीड महिना उलटूनही भरत नसेल, तर दोष बहुधा जखमेत नसून तिच्या मागे असतो. पायाच्या नीला फुगलेल्या असतील, तर अशुद्ध रक्त घोट्याजवळ साचते आणि तेथील कातडी फुटते. तासन्‌तास उभ्याने काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक. रोहिणी आकसल्या असतील, तर जखमेपर्यंत पुरेसे रक्तच पोचत नाही. मधुमेहात तळपायाची संवेदना जाते. चपलेत खडा रुतला तरी कळत नाही आणि त्याच पायावर माणूस दिवसभर बागेत हिंडतो. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. वास्तविक न दुखणे हेच येथे धोक्याचे लक्षण आहे.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला उमगली ती कुष्ठरुग्णांमुळे. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडते, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. संवेदना गेल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो आणि त्यातून जखम होते, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. जखमी पायाला त्यांनी प्लास्टर घातले. भार संपूर्ण तळव्यावर विभागला गेला आणि वर्षानुवर्षांच्या जखमा काही आठवड्यांत भरू लागल्या. पुढे अमेरिकेत हीच पद्धत मधुमेहींसाठी वापरली गेली.

त्याआधीचे टप्पेही आहेत. मृत मांस खरवडून काढणे हा त्यातला पहिला. सुश्रुताने व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यातही छेदन आणि लेखन आहेच. नीलांचा दोष असेल तर घट्ट, थरांची पट्टी बांधतात. पण त्यापूर्वी घोट्याची नाडी तपासावी लागते, कारण रोहिणी बंद असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय गमावण्याची वेळ येते. रक्तपुरवठा अपुरा असेल किंवा जंतुसंसर्ग खोलवर गेला असेल, तर प्लास्टरही चालत नाही. फार जुन्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवला जातो, तो कर्करोगाची शक्यता पडताळण्यासाठी. डॉक्टरांच्या हाताचा गुण तो हाच. मलम कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा. तंबाखू, चुना किंवा राख भरलेली जखम घेऊन येणारे रुग्ण डॉक्टरांचे काम वाढवतात, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

आणि यश केवळ डॉक्टरांचे नसते. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली असताना 'पाय उंच ठेवून पडून राहा' असे सांगणे सोपे, पाळणे महाकठीण. घरातील कोणीतरी बागेची जबाबदारी घेते, रोज पट्टी बदलते, साखर सांभाळते, तेव्हा जखम भरते. आभाराच्या पेटीवर त्यांचेही नाव असावे.

पेटी पोचवल्यानंतर बहुतेक रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत, अडचण येथेच आहे. मधुमेहींच्या पायाची भरलेली जखम सुमारे ४० टक्के रुग्णांत वर्षभरात पुन्हा उद्भवते, असे जगभरातील अभ्यास सांगतात. नवी कातडी नाजूक असते आणि गेलेली संवेदना परत आलेली नसते. म्हणून मऊ मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल, रोज रात्री आरशात तळव्याची पाहणी, चप्पल घालण्यापूर्वी ती झटकणे आणि ठरलेल्या तारखेला तपासणी हे कायमचेच. द्राक्षे घेऊन आलेल्या रुग्णाला जाणता डॉक्टर आधी चप्पल काढून पाय दाखवायला सांगतो.