जुन्या दगडी भिंतीला सिमेंट का मानवत नाही?

वाई, सातारा, सांगली येथील जुन्या पेठांतून फिरताना आपल्याला एक गमतीची गोष्ट दिसते. वाड्याच्या जोत्याच्या दगडांचे पापुद्रे सुटलेले असतात; त्यांच्या सांध्यांत नव्याने भरलेले सिमेंट मात्र शाबूत असते. दुरुस्ती टिकली, पण दगड गेला! असे का व्हावे?

आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. त्यातील लोहयुक्त खनिजांवर पाणी व ऑक्सिजन यांची क्रिया होऊन तांबूस ऑक्साइडे आणि चिकणमातीची खनिजे तयार होतात. यांपैकी काही खनिजे भिजली की फुगतात, वाळली की आकसतात. घट्ट दगडात हे फार सावकाश घडते, सच्छिद्र दगडात लवकर.

आता भिंत पाहू. बाहेरून घडीव दगड आणि आत गोटे, माती, चुना यांची भर, अशी तिची रचना असते. पावसाचे, जमिनीतले किंवा सांगलीत २०१९ व २०२१ साली आले तसे पुराचे पाणी या भरीत मुरते. ते बाहेर पडायला वाट हवी. चुन्याच्या दर्जा सच्छिद्र असतात. पाणी त्यांतून उडून जाते आणि विरघळलेले क्षार तिथेच स्फटिकरूपाने साठतात. झिजतो तो चुना, दगड वाचतो. चुना पुन्हा भरता येतो.

सिमेंट ही वाट बंद करते. मग पाणी दगडाच्या कडांतून बाहेर पडू लागते, क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि पापुद्रे सुटतात. मेणवलीचा नाना फडणीसांचा वाडा अठराव्या शतकातला, तर पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. अशा भिंती चुन्याच्या हिशेबानेच बांधलेल्या आहेत.

म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. आधी पाणी थांबवावे: पन्हळी नीट कराव्यात, पिंपळाची रोपे काढावीत, जोत्याजवळ पाणी साचू देऊ नये. मग सांध्यांतील सिमेंट हातोडी-छिन्नीने हलकेच काढावे. यंत्राने दगडाच्या कडा फुटतात. सांधे धुऊन, ओले करून एक भाग चुना व तीन भाग वाळू यांचा मळलेला गारा दाबून भरावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी बनतो. त्याला ओल आणि वेळ दोन्ही लागतात. काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवावे. हे काम पावसाळा सरल्यावरच काढावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दोन विटा घ्या. एकीच्या खालच्या अर्ध्या भागाला चारही बाजूंनी तैलरंग द्या. रंग वाळल्यावर दोन्ही विटा मिठाच्या थोड्या पाण्यात उभ्या करा आणि आठवडाभर पाहा. प्रत्येक विटेवर पांढरे मीठ कुठे उमटले? रंग दिलेल्या विटेवर ते रंगाच्या वरच का आले? या प्रश्नाचे उत्तर सापडले, की विद्यार्थ्यांना आपल्या घराच्या भिंतीचे दुखणेही ओळखता येईल.