विद्युतधारा मागे का राहते?

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्यात विहिरीवर किंवा बोअरवर बसवलेली तीन फेजची मोटार ही शेतकरी कुटुंबांच्या रोजच्या व्यवहारातली वस्तू आहे. परंतु याच कुटुंबांतील मुले आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये विद्युत शाखेला गेली की प्रत्यावर्ती विद्युतधारेचा, म्हणजे ठरावीक काळाने दिशा बदलणाऱ्या धारेचा, धडा त्यांना अवघड वाटू लागतो. याचे कारण गणितापेक्षा वेगळे आहे. दिष्ट धारेच्या परिपथात व्होल्टेज किती आणि धारा किती एवढेच विचारावे लागते, तर प्रत्यावर्ती परिपथात त्याबरोबर ‘केव्हा’ हाही प्रश्न येतो आणि शिकवताना नेमका तोच घाईत उरकला जातो.

भारतात घरोघरी पोहोचणारी वीज सेकंदाला 50 आवर्तने करते, म्हणजे एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज शून्यापासून एका दिशेच्या शिखरापर्यंत, पुन्हा शून्याकडे, तेथून उलट दिशेच्या शिखरापर्यंत आणि परत शून्यावर असा प्रवास करते. या प्रवासात शिखराचे मूल्य सुमारे 325 व्होल्ट असते; तरीही या पुरवठ्याला 230 व्होल्ट म्हणतात, कारण 230 व्होल्टच्या स्थिर दिष्ट व्होल्टेजने शेगडीच्या तारेत जितकी उष्णता निर्माण झाली असती, तितकीच उष्णता हे बदलते व्होल्टेज निर्माण करते. या समतुल्य मूल्याला आरएमएस मूल्य म्हणतात आणि मीटरवर सामान्यतः तेच दिसते.

शेगडीच्या तारेत केवळ रोध असल्याने व्होल्टेज आणि धारा एकाच क्षणी शिखर गाठतात. तारेचे वेटोळे मात्र वेगळे वागते. त्यातून जाणारी धारा बदलू लागली की वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलते आणि त्या बदलाला विरोध करणारे व्होल्टेज वेटोळ्यातच निर्माण होते, त्यामुळे धारा आपले शिखर उशिरा गाठते. वेटोळ्यात रोध अजिबात नाही असे मानले, तर हा उशीर पाव आवर्तनाचा, म्हणजे 5 मिलिसेकंदांचा असतो. कपॅसिटरमध्ये याच्या उलट घडते, कारण त्याच्या पट्ट्यांवर भार साठल्याशिवाय व्होल्टेज वाढत नाही आणि भार वाहून आणण्यासाठी धारेला आधी यावे लागते, म्हणून तेथे धारा पाव आवर्तन पुढे असते. वेटोळे आणि कपॅसिटर धारेला जो अडथळा करतात त्याला रिऍक्टन्स म्हणतात. आवर्तने वाढली की वेटोळ्याचा रिऍक्टन्स वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो.

विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते या अडथळ्यांच्या बेरजेत. 3 ओहम रोध आणि त्याला एकसर जोडलेला 4 ओहम रिऍक्टन्स यांचा एकत्रित अडथळा, ज्याला इम्पिडन्स म्हणतात, 7 ओहम येत नाही, 5 ओहम येतो. दोन्हींवरील व्होल्टेजची शिखरे वेगवेगळ्या क्षणी येत असल्यामुळे ती सरळ मिळवता येत नाहीत, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणे मिळवावी लागतात. वेळेतील हा फरक कोनाच्या रूपाने मांडण्याची सदिश आकृती पुढे फार उपयोगी पडली आणि विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी 1893 मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत संमिश्र संख्यांची पद्धत मांडल्यावर एरवी क्लिष्ट ठरणारी समीकरणे साध्या बीजगणिताने सुटू लागली.

आता शेतातील मोटारीकडे वळता येते. पाच हॉर्सपॉवरची मोटार पंपाला सुमारे 3.7 किलोवॅट यांत्रिक शक्ती देते आणि तिची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर ती लाइनवरून सुमारे 4.6 किलोवॅट घेते. मोटार म्हणजे मुख्यतः वेटोळीच असल्याने तिची धारा व्होल्टेजच्या मागे राहते. हा उशीर साधारण 2.3 मिलिसेकंद, म्हणजे 41 अंश असेल, तर पॉवर फॅक्टर 0.75 येतो. औताला जुंपलेला बैल तासाच्या रेषेत न ओढता तिरका ओढू लागला, तर त्याचा जोर पूर्ण लागतो पण औत पुढे नेण्यास त्यातील काही भागच उपयोगी पडतो. धारेतील तसा उपयोगी भाग सांगणारी संख्या म्हणजे पॉवर फॅक्टर. 415 व्होल्टवर या मोटारीला साडेआठ अँपिअर धारा लागते. या धारेचा उपयोगी भाग सोडून उरलेला भाग चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी जातो आणि परत येतो, काम करत नाही, पण तारा मात्र तापवतो.

वीज वितरण कंपनी महावितरण कृषिपंपांना कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते त्यामागे हे तत्त्व आहे. वेटोळे ज्या क्षणी ऊर्जा परत करते त्याच क्षणी कपॅसिटर ती साठवून घेतो, त्यामुळे ही देवाणघेवाण डीपीपर्यंत, म्हणजे परिसरातील वितरण रोहित्रापर्यंत, न जाता विहिरीजवळच पूर्ण होते. वरील मोटारीला 2 केव्हीएआर (किलोव्होल्ट-अँपिअर रिऍक्टिव्ह) क्षमतेचा कपॅसिटर जोडल्यास पॉवर फॅक्टर सुमारे 0.91 होतो आणि लाइनवरील धारा 7 अँपिअरवर येते. तारेतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे या मोटारीच्या वाट्याची तारेतील हानी जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. हा लाभ केवळ त्या शेतकऱ्याचा नसतो, हे आवर्जून सांगायला हवे. एका डीपीवर अनेक मोटारी असतात, लाइनच्या टोकाला व्होल्टेज पडते आणि तेवढेच काम करण्यासाठी तेथील मोटारी अधिक धारा ओढून तापतात व जळतात. कपॅसिटरमुळे लाइनचा भार हलका झाला की शेवटच्या विहिरीलाही बरे व्होल्टेज मिळते.

तीन फेजचा अर्थही वेळेतच दडलेला आहे. तिन्ही फेजची शिखरे एकामागून एक 6.7 मिलिसेकंदांच्या अंतराने येतात आणि त्यांचा क्रमच मोटारीची दिशा ठरवतो, म्हणूनच डीपीच्या दुरुस्तीनंतर मोटार उलटी फिरू लागली तर कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरेशी होते.

कपॅसिटरचा परिणाम जाणकार वायरमनच्या देखरेखीखाली टंग टेस्टरने, म्हणजे तार न तोडता धारा मोजणाऱ्या चिमट्याने, तपासता येतो. कपॅसिटरच्या अलीकडे, लाइनच्या बाजूला चिमटा लावला तर कपॅसिटर जोडल्यावर धारा कमी झालेली दिसते. पलीकडे, मोटारीकडे जाणाऱ्या केबलवर लावला तर ती जवळपास पूर्वीइतकीच राहते, कारण मोटारीची चुंबकीय गरज घटलेली नसते, ती फक्त जवळून भागवली जात असते.